इंधनाच्या कारखान्यातील बेसावधपणा : तोकाईमुरा येथील धडा

अणुशक्तीचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक हिरोशिमाचे, आणि दुसरे चेर्नोबिल किंवा फुकुशिमा येथील अणुभट्ट्यांचे. या दोन चित्रांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अणुभट्टीसाठी इंधन तयार करणारे कारखाने, तसेच भट्टीतून निघालेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करणारे कारखाने, ही ती जागा होय. तेथे टाक्या असतात, नळ्या असतात, आम्ले आणि भुकट्या असतात. आत शिरणाऱ्या परक्या माणसाला तो एखादा रंगाचा किंवा औषधांचा कारखाना वाटावा, इतके ते दृश्य साधे असते. तथापि अशाच साध्या दिसणाऱ्या कारखान्यांत १९५३ ते १९९९ या काळात निदान २२ वेळा, कोणाच्याही मनात नसताना, टाकीतल्या टाकीत अणूंची साखळी प्रक्रिया पेटली आणि तिच्यापायी नऊ माणसे प्राणास मुकली. या २२ पैकी २१ अपघात द्रावणात किंवा पातळ राळ्यात घडले आहेत, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचे कारण पुढे येईलच.

या सर्व अपघातांपैकी जपानमधील तोकाईमुरा येथला अपघात मी आज मुद्दाम निवडला आहे. तो फार दूरच्या काळातला नाही. त्याची चौकशी बारकाईने झालेली आहे. आणि मुख्य म्हणजे तो कोणत्याही यंत्राच्या बिघाडाने झालेला नाही. झडप तुटली नाही, नळी फुटली नाही, भूकंप झाला नाही. तीन माणसे नेमून दिलेले काम करीत होती आणि ते काम करता करताच तो अपघात झाला.

साखळी कशी पेटते?

प्रथम थोडे शास्त्र पाहू. युरेनियमचे अणू दोन मुख्य प्रकारचे असतात. त्यांपैकी युरेनियम २३५ या प्रकारच्या अणूवर न्यूट्रॉन नावाचा कण आदळला तर तो अणू दुभंगतो, ऊर्जा बाहेर पडते आणि त्याबरोबर दोन-तीन नवे न्यूट्रॉनही सुटतात. या नव्यांपैकी एकाने जरी दुसरा अणू फोडला, त्यातून सुटलेल्यांपैकी एकाने तिसरा फोडला, तर ही मालिका आपल्या आपण चालू राहते. तिलाच साखळी प्रक्रिया म्हणतात, आणि ज्या क्षणी ती स्वतःच्या बळावर चालू लागते त्या अवस्थेला क्रांतिक अवस्था म्हणतात.

आपल्या शेगडीतल्या निखाऱ्यांची आठवण करावी. एक निखारा वेगळा काढून ठेवला तर तो थोड्याच वेळात काळा पडतो. तेच चार निखारे एकमेकांशेजारी लोटले की फुंकर न घालताही फुलू लागतात. प्रत्येक निखाऱ्याची उष्णता वाया जाण्याऐवजी शेजाऱ्याला मिळते, एवढाच त्यात फरक असतो. न्यूट्रॉनचेही तसेच आहे. युरेनियम थोडे असेल तर बहुतेक न्यूट्रॉन काही न करता पृष्ठभागातून बाहेर निसटतात. युरेनियम वाढत गेले की निसटणाऱ्यांचे प्रमाण घटते, आणि एका विशिष्ट मर्यादेपलीकडे साखळी पेटते.

ही मर्यादा केवळ वजनावर अवलंबून असती तर कारखानदारांचे काम सोपे झाले असते. वस्तुतः ती आणखी तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट युरेनियमची समृद्धी. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये २३५ या प्रकाराचा अंश शेकडा एकाहूनही कमी, सुमारे ०.७ टक्के इतकाच असतो. तो कृत्रिम रीतीने वाढवला म्हणजे युरेनियम समृद्ध झाले असे म्हणतात. दुसरी गोष्ट पाणी. पाण्यातील हायड्रोजनच्या अणूंवर आपटून न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉन युरेनियम २३५ चे अणू फोडण्यास अधिक समर्थ असतात. म्हणूनच कोरड्या भुकटीपेक्षा द्रावण धोक्याचे, आणि म्हणूनच २२ पैकी २१ अपघात ओल्या मालात घडले. तिसरी गोष्ट भांड्याचा आकार. गरम भात परातीत पसरून ठेवला तर लवकर निवतो. तोच पातेल्यात दाबून ठेवला तर तासाभरानेही वाफा निघतात. भात तितकाच असतो, परंतु परातीत पृष्ठभाग अधिक मिळतो. त्याचप्रमाणे उंच व सडपातळ नळकांड्यात ठेवलेले द्रावण निर्धास्त राहू शकते आणि तेच द्रावण रुंद पिंपात ओतले की साखळी पेटू शकते.

या कारखान्यांतील सुरक्षिततेचे मर्म येथे आहे. डोळ्यांना, नाकाला, हाताला काहीही फरक न जाणवता, केवळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतल्याने निर्धोक वस्तू प्राणघातक होते. असा अनुभव माणसाला रोजच्या जीवनात कोठेही येत नाही. दूध तपेलीत असो की चरवीत असो, ते दूधच असते. म्हणून या धंद्यात सामान्य व्यवहारज्ञान अपुरे पडते. तेथे माणसाला शिकवावेच लागते.

३० सप्टेंबर १९९९

तोकाईमुरा हे तोक्योच्या ईशान्येस सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या आत, इबाराकी प्रांतात आहे. 'मुरा' म्हणजे खेडे. जपानच्या अणुसंशोधनाचा पाळणा या खेड्यातच हलला. तेथे जेसीओ नावाची एक खाजगी कंपनी युरेनियमवर प्रक्रिया करीत असे. तिचे नेहमीचे काम पाच टक्क्यांहून कमी समृद्ध अशा युरेनियमचे होते. परंतु 'जोयो' नावाच्या प्रायोगिक भट्टीसाठी १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचे द्रावण करून देण्याचे काम मधूनमधून तिच्याकडे येई. ते काम एका वेगळ्या लहान इमारतीत चाले.

या कामाची शासनाने मंजूर केलेली रीत अशी होती. युरेनियम ऑक्साइडची भुकटी विरघळविण्याच्या खास टाकीत नायट्रिक आम्लात विरघळवायची. मग ते द्रावण नळ्यांतून पंपाने एका उंच, सडपातळ स्तंभात न्यायचे. या स्तंभाचा व्यास सुमारे साडेसतरा सेंटिमीटर होता, म्हणजे साखळी पेटू नये अशाच बेताने तो घडविलेला होता. पुढे अवक्षेपाची एक टाकी होती. तिचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि तिच्या भोवती थंड पाणी खेळविण्यासाठी दुहेरी कवच होते. ही टाकी आकाराने सुरक्षित नव्हती. तिची सुरक्षितता एकाच नियमावर उभी होती : एका वेळी २.४ किलोग्रॅमहून अधिक युरेनियम तिच्यात जाता कामा नये.

आता प्रत्यक्षात काय चालले होते ते पाहा. खास टाकीत विरघळविण्यास वेळ लागतो आणि नंतर ती धुवावी लागते, म्हणून अपघातापूर्वी काही वर्षांपासून तेथे भुकटी दहा लिटरच्या पोलादी बादलीत विरघळविण्याची वहिवाट पडली होती. इतकेच नव्हे, तर कंपनीने शासनाला न कळविता ही बादलीची रीत आपल्या अंतर्गत पुस्तिकेत लिहून ठेवली होती. म्हणजे एक नियम सरकारी कागदावर आणि दुसरा कारखान्याच्या भिंतीआड, अशी दुहेरी व्यवस्था तेथे रूढ झाली होती. पुढे सगळा माल एकजीव करावा लागे, कारण गिऱ्हाइकाला एकसारखे द्रावण हवे असे. तो एकजीव करण्यास सडपातळ स्तंभ गैरसोयीचा होता. त्याची तोटी जमिनीपासून अवघी वीतभर उंचीवर होती आणि द्रावण काढून घेणे जिकिरीचे होई. अवक्षेपाच्या टाकीत मात्र ढवळणी होती आणि वर हात जाईल असे भोकही होते. साहजिकच या वेळी कामगारांनी ती जवळची वाट धरली.

२९ सप्टेंबरला चार बादल्या त्या टाकीत गेल्या. ३० तारखेला सकाळी पुढचे काम सुरू झाले. एक कामगार ओतीत होता, दुसरा टाकीच्या तोंडाशी नरसाळे धरून उभा होता, तिसरा त्यांचा वरिष्ठ शेजारच्या खोलीत काही पावलांवर मेजापाशी बसला होता. सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी सातव्या बादलीतले द्रावण टाकीत पडत असताना निळा प्रकाश चमकला आणि धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. टाकीत तोवर सुमारे १६.६ किलोग्रॅम युरेनियम, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ सातपट माल जमा झाला होता.

वीस तास

येथे स्फोट झाला नाही, छप्पर उडाले नाही. पहिल्या झटक्याने द्रावण तापले, त्यात बुडबुडे उठले, द्रावण किंचित फुगले आणि साखळी मंदावली. ते निवू लागताच साखळी पुन्हा जोर धरी. अशा रीतीने ती टाकी, कवच नसलेल्या आणि चालविणारा नसलेल्या एका लहानशा अणुभट्टीप्रमाणे, सुमारे वीस तास चालू राहिली. तिच्या भोवतीच्या कवचातील पाणी बाहेर निसटणाऱ्या न्यूट्रॉनांना परत आत ढकलीत होते आणि त्यामुळे साखळी जिवंत राहिली होती. शेगडीवर झाकण ठेवून आत ऊब कोंडावी तसा हा प्रकार होता.

या वीस तासांत एकूण किती युरेनियम फुटले? हिशेब केला तर तो सुमारे एक मिलिग्रॅम भरतो. मिठाच्या काही कणांएवढे वजन. ओतणाऱ्या दोघांचा जीव घेण्यास एवढे पुरेसे झाले. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक आहे. चार-पाच ग्रे मात्रा सर्व शरीराला एकदम मिळाली तर उपचारांवाचून निम्मी माणसे दगावतात. नरसाळे धरणाऱ्याला १६ ते २० ग्रे किंवा त्याहून अधिक, ओतणाऱ्याला ६ ते १० ग्रे आणि शेजारच्या खोलीतील वरिष्ठाला १ ते साडेचार ग्रेच्या दरम्यान मात्रा मिळाली असा अंदाज पुढे निघाला. त्यांच्या रक्तातील साध्या सोडियमचे काही अणू किरणोत्सर्गी झालेले आढळले, आणि त्यांच्या शरीरातून न्यूट्रॉन गेल्याची निर्विवाद साक्ष त्यावरून मिळाली.

अशा किरणांनी माणूस भाजल्यासारखा तत्काळ दिसत नाही. पेशी विभागतात कशा, याची आज्ञा देणारे सूत्रच तुटलेले असते. जुनी कातडी झडते आणि तिच्याखाली नवी येत नाही. आतड्याचे अस्तर झिजते आणि भरून निघत नाही. हाडांच्या मगजात रक्त तयार होणे थांबते. जपानी वैद्यांनी पराकाष्ठा केली. एकाला त्याच्या बहिणीच्या रक्तातील मूळपेशी दिल्या, दुसऱ्याला नाळेतील रक्त दिले, कातडी जोडली. तरी पहिला ८३ दिवसांनी, २१ डिसेंबर १९९९ रोजी, आणि दुसरा २११ दिवसांनी, २७ एप्रिल २००० रोजी मरण पावला. तिसरा बरा होऊन घरी गेला.

बाहेर काय झाले तेही सांगितले पाहिजे. या कारखान्यात असा अपघात संभवतच नाही, असे परवाना देतानाच गृहीत धरलेले होते. त्यामुळे या विशिष्ट अपघाताची सूचना देणारी यंत्रणा तेथे नव्हती, आणि आपत्तीची पूर्वतयारीही नव्हती. बोलावलेल्या रुग्णवाहिकेच्या माणसांना कशासाठी बोलावले आहे हे सांगितले गेले नाही, आणि तीही किरणांच्या माऱ्यात सापडली. वरून आज्ञा येण्याची वाट न पाहता गावाच्या प्रमुखाने दुपारी तीन वाजता साडेतीनशे मीटरच्या आतील सुमारे १६० रहिवाशांना हलविण्याचा निर्णय घेतला. तोवर साडेचार तास उलटले होते. रात्री दहा किलोमीटरच्या परिसरातील तीन लाखांवर लोकांना घराबाहेर पडू नका असे सांगण्यात आले.

शेवटी ती टाकी विझविली कोणी? त्याच कंपनीच्या नोकरांनी. रात्री दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या टोळ्या करून, प्रत्येकी अवघी काही मिनिटे, ते इमारतीजवळ धावत गेले आणि थंड पाण्याची नळी तोडून त्यांनी कवचातील पाणी काढून टाकले. पाणी गेले तशी १ ऑक्टोबरला पहाटे साखळी थांबली. मग टाकीत बोरिक आम्लाचे द्रावण सोडण्यात आले, कारण बोरॉन न्यूट्रॉन गिळून टाकतो. ज्या कंपनीच्या ढिलाईने हे संकट आले तिच्याच साध्या माणसांनी जाणूनबुजून किरणांत पाऊल टाकले, ही गोष्ट तिच्या दोषांबरोबरच नोंदविली पाहिजे.

दोष कोणाचा?

अशा प्रसंगी सर्वांत सोपे उत्तर म्हणजे 'कामगारांनी नियम मोडला' हे होय. ते खोटे नाही. परंतु ते इतके अपुरे आहे की त्यावर थांबणे म्हणजे पुढच्या अपघाताला निमंत्रण देणे होय. ज्या माणसाने नरसाळे धरले त्याला आपण काय करीत आहोत हे माहीत असते तर त्याने ते कदापि धरले नसते. क्रांतिक अवस्था म्हणजे काय, १८.८ टक्के आणि ५ टक्के यांत अंतर किती, बादली आणि स्तंभ यांत फरक काय, हे त्याला नीट शिकविलेच गेले नव्हते. २.४ किलोग्रॅम हा त्याच्या लेखी एक आकडा होता. त्यामागचे 'का' त्याला ठाऊक नव्हते. ज्याचे कारण कळत नाही असा नियम, कामाची घाई झाली की पहिल्यांदा मोडला जातो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो जपानी, मराठी असा भेद जाणत नाही.

म्हणून न्यायालयानेही जबाबदारी वरपर्यंत नेली. मार्च २००० मध्ये कंपनीचा परवाना रद्द झाला. पुढे सहा जबाबदार व्यक्तींवर खटला होऊन मार्च २००३ मध्ये मितो येथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्यांच्या कैदेच्या शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्या आणि कंपनीस दहा लाख येनचा दंड झाला. या सहांत वाचलेला तो वरिष्ठ कामगारही होता. शासनाकडेही दोष जातोच. 'असे घडणारच नाही' या गृहीतावर एकदा शिक्कामोर्तब झाले की मग तपासणी सैल होते, घंटा बसविली जात नाही, रुग्णवाहिकेला सूचना मिळत नाही. १९९९ च्या डिसेंबरातच जपानने अणुविषयक आपत्तीसाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु तो अपघातानंतर.

हे एकट्या जपानचे नव्हे

२४ जुलै १९६४ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वुड रिव्हर जंक्शन येथील कारखान्यात एका कामगाराने युरेनियमच्या द्रावणाची बाटली एका टाकीत रिकामी केली. अरुंद बाटलीत ते द्रावण निर्धोक होते. टाकीचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर होता. बाटलीत सौम्य द्रावण आहे असा त्याचा समज होता, परंतु ते तीव्र निघाले. तो दोन दिवसांत वारला. तोकाईमुरा येथील टाकी आणि ही टाकी यांच्या मापांत जेमतेम एका सेंटिमीटरचा फरक, आणि कालांतर ३५ वर्षांचे!

त्याहून विलक्षण घटना २ जानेवारी १९५८ रोजी सोव्हिएत रशियातील मायाक येथे घडली. प्रयोगाच्या भांड्यातील युरेनियमचे द्रावण नळीवाटे सावकाश काढण्याऐवजी वेळ वाचावा म्हणून चौघांपैकी तिघांनी ते भांडेच हातांनी उचलून तिरपे केले. आकार बदलला, शिवाय भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या देहांनी न्यूट्रॉन परत आत लोटले. मानवी शरीर बव्हंशी पाणीच असते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. ती तिन्ही माणसे आठवड्याच्या आत गेली.

आपल्या देशाची गोष्ट वेगळी नाही. तुर्भे येथे १९६४ पासून इंधनाची पुनर्प्रक्रिया होत आली आहे, आणि तारापूरलाही असा कारखाना आहे. आपल्या बऱ्याच भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, आणि साध्या पाण्यात नैसर्गिक युरेनियमची साखळी पेटत नाही, हा एक दिलासा खरा. पण पुनर्प्रक्रियेत प्लुटोनियम निघते, तेथे हा दिलासा उरत नाही. शिवाय साखळी न पेटताही किरणांचा धोका असतोच. २१ जानेवारी २००३ रोजी कल्पाक्कम येथील पुनर्प्रक्रिया केंद्रात एका झडपेच्या दोषाने तीव्र किरणोत्सर्गी द्रव सौम्य द्रवाच्या टाकीत उतरला. त्या जागी किरणे मोजणारे यंत्र बसविलेले नव्हते. सहा माणसे नेहमीच्या समजुतीने काम करीत राहिली आणि वर्षाच्या मर्यादेहून कितीतरी अधिक मात्रा घेऊन बाहेर पडली. येथे साखळी पेटली नाही, प्राण गेला नाही. पण 'हे सौम्यच असणार' हे गृहीत मात्र वुड रिव्हरच्या बाटलीतलेच होते.

आपण काय घ्यावे?

या सर्व घटनांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, सुरक्षितता शक्य तेथे भांड्याच्या घडणीतच घातलेली असावी. ज्या कारखान्यात रुंद टाकीच नाही तेथे रुंद टाकीत ओतण्याचा मोह होत नाही. दुसरी, जो माणूस हाताने काम करतो त्याला त्यामागील कारण त्याच्या भाषेत समजावून द्यावे. निखाऱ्यांचा आणि परातीतल्या भाताचा दाखला ज्याला कळतो त्याला क्रांतिक अवस्थाही कळते. त्यासाठी पदवी लागत नाही. तिसरी, जवळची वाट रुळू लागली की ती लपविण्याऐवजी वर कळविण्याची सोय हवी. जेसीओची बादली एक दिवसाची नव्हती. ती वर्षानुवर्षे तेथे होती आणि दर वेळी काही बिघडले नाही म्हणून ती निर्धोक मानली गेली. सहा बादल्यांपर्यंत काहीही घडले नाही, हा त्या टाकीजवळच्या दोघांना मिळालेला पुरावा होता. आणि सातव्या बादलीने तो पुरावा किती पोकळ होता हे दाखविले.

अणुशक्ती नको असे सांगण्यासाठी मी हा विषय घेतला नाही, किंवा ती निर्भय आहे अशी ग्वाही देण्यासाठीही नाही. कोळशाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यांत याहून कितीतरी अधिक माणसे मेली आहेत, हे कोणीही सांगेल आणि ते खरेही आहे. तथापि तुर्भे काय, तारापूर काय, यांच्या शेजारी नांदणाऱ्या नागरिकांना एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि माझ्या मते ते त्यांचे कर्तव्यही आहे. 'अपघात होईल का?' हा तो प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर नेहमी 'नाही' असेच मिळते. 'जो माणूस आज टाकीजवळ उभा आहे त्याला ती टाकी तेवढीच रुंद का आहे हे माहीत आहे का?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर जेथे निःशंकपणे 'होय' असे येईल, तो कारखाना आपला भला शेजारी समजावा. एवढे सांगून मी हा विषय पुरा करतो.